स्पर्धक कारखानदारांनी काय वाटून घ्यावे आणि काय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योगांच्या क्लस्टरविषयी (एकाच धंद्यातल्या कारखान्यांनी मिळून उभारलेल्या सामायिक सुविधांविषयी) आपल्या उद्योग पानावर आलेला लेख वाचला. एकाच गिऱ्हाइकाच्या मागे धावणारे कारखानदार एकत्र येतात ते अनुदानापुरते, आणि अनुदान हातात पडले की ज्याचा तो मोकळा, असा त्या लेखाचा सूर होता. मी शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना, चालवते. सासऱ्यांनी ती सुरू केली. माझ्याकडे आधी फक्त हिशेब आणि डिस्पॅच होते, आता सगळेच आहे. लेखकाने जे पाहिले ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यातून निघालेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो वाचून एखादा तरुण कारखानदार शेजाऱ्याशी बोलणे टाळू लागला तर त्याचे नुकसान होईल. म्हणून हे पत्र.

कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि इचलकरंजी मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. शेतीची ऑइल इंजिने आणि पंप यांच्या कामातून हा धंदा वाढला. आता ट्रॅक्टर, ट्रक, व्हॉल्व्ह, पंप यांची कास्टिंग्ज (ओतीव भाग) इथून देशभर आणि परदेशातही जातात. आमच्यापैकी बहुतेकांचे काम सारखेच असते. मी करते ते फ्लायव्हील आणि ब्रेक ड्रम माझ्या गल्लीतला आणखी कोणीतरी करतोच. किलोमागे आठ आणे कमी केले तर माझी ऑर्डर त्याच्याकडे जाऊ शकते, त्याची माझ्याकडे येऊ शकते. म्हणजे स्पर्धा खरी आहे, रोजची आहे. त्यात एकत्र यायचे कशासाठी, हे वाळूवरून चांगले कळते.

एक टन लोखंड ओतायचे तर साच्यांमधून साधारण चार ते सहा टन वाळू फिरते. त्यातली बरीचशी पुन्हा मिक्सरमध्ये जाते, पण दर फेरीला काही भाग जळतो, बारीक होतो, त्याची धूळ होते. तो बाहेर काढून तेवढी नवी वाळू घालावीच लागते, नाहीतर कास्टिंगवर ब्लोहोल (वायूने पडलेली छिद्रे) दिसू लागतात आणि रिजेक्शन वाढते. आमची नवी सिलिका वाळू सिंधुदुर्गातून, कासार्डे-फोंडा भागातून घाट चढून येते. पावसाळ्यात ती ओली येते, सुकवायचा खर्च वेगळा, आणि त्या दिवसांत दरही चढतो. दुसऱ्या बाजूला रोज काढून टाकलेली काळी वाळू. पूर्वी ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात, कुणाच्या पडीक रानात जायची. आता प्रदूषण नियंत्रण मंडळ विचारते की कुठे टाकली, आणि ते विचारणे योग्यच आहे. आमच्याच गावांच्या विहिरी आहेत त्या.

ही वाळू भट्टीत तापवून, तिच्यावरचे जळके थर काढून पुन्हा वापरता येते. पण तो प्लांट सतत चालला तरच परवडतो. माझ्यासारख्या फौंड्रीची रोजची वाया जाणारी वाळू त्याला काही तासही पुरत नाही. तो थांबवून परत तापवायचा म्हणजे इंधन जाळायचे आणि वाट बघत बसायचे. एकट्याने हे गणित जन्मात बसत नाही. वीस-पंचवीस फौंड्र्यांची वाळू एका ठिकाणी आली की बसते. कोल्हापुरात फौंड्री क्लस्टरने सामायिक वाळू पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प उभारला तो याच हिशेबाने.

बाहेरून बघणाऱ्याला अडचण पैशाची वाटते. आतली अडचण वेगळी आहे. सगळ्यांची वाळू सारखी नसते. माझ्या वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) आणि कोळशाची पूड असते, दुसऱ्याची कोअरची (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची) वाळू रेझिनवर (चिकट रसायनावर) चालते, तिसऱ्याचे हार्डनर (ते घट्ट करणारे रसायन) वेगळे. हे सगळे एका ढिगात पडले तर बाहेर येणारी वाळू कुणाच्याच कामाची राहत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या वाळूत काय घातले आहे, किती टक्के घातले आहे, हे आधी सांगावे लागते. कास्टिंगचा चेहरा साफ का येतो, याचे निम्मे उत्तर त्या मिश्रणात असते, आणि ते आपण वर्षानुवर्षे कुणाला सांगितलेले नसते. इथे लोक अडतात. मीही त्या बैठकांना बसले आहे. माणसे चहा घेतात, मान डोलावतात आणि वाळूचा नमुना मात्र पाठवत नाहीत. यावर आमच्याकडे चालला तो उपाय साधा होता. नमुना प्लांटच्या केमिस्टकडे कोड नंबर घालून द्यायचा, तो कुणाचा हे फक्त त्यालाच माहीत असायचे, आणि तो केमिस्ट कुठल्याही सभासदाचा नातेवाईक नसायचा. त्यानंतर नमुने येऊ लागले.

बेंटोनाइटचेही असेच. तो कच्छमधून येतो. पूर्ण ट्रक मागवला तर दर चांगला पडतो, पण तेवढी पोती एका लहान फौंड्रीत ठेवायला जागा नसते आणि पैसाही अडकतो. चौघांनी मिळून ट्रक मागवायचा, ज्याच्या आवारात जागा आहे तिथे उतरवायचा, पैसे ट्रक सुटायच्या आधी जमा करायचे. यात सगळे गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी भांडतच राहतात, फक्त कच्च्या मालाचा खर्च चौघांचाही उतरतो. वर्षाच्या ताळेबंदात हा फरक मला स्पष्ट दिसतो. ज्या वर्षी ट्रक वाटून घेतला नाही, त्या वर्षी वाढलेला खर्चही दिसतो.

मात्र सगळेच वाटून घेता येते, अशी जी भाषणे होतात तीही मला मान्य नाहीत. धातूत कोणते घटक किती आहेत ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर घ्या. महागडे मशीन, म्हणून प्रत्येक योजनेच्या यादीत ते पहिले असते. पण भट्टीतल्या वितळलेल्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती हे मला त्याच मिनिटाला कळले पाहिजे, कारण त्यावरून मी भट्टीत काय टाकायचे ते ठरवते. नमुना घेऊन पोरगा दोन किलोमीटरवर सामायिक लॅबमध्ये जाणार, रांगेत थांबणार, तोवर भट्टी नुसती वीज खात उभी. ते परवडत नाही. तिथे ज्याचे त्याच्याकडे हवे. उलट तयार कास्टिंगची टेन्साइल टेस्ट (ताण सहन करण्याची चाचणी), मायक्रोस्कोपखाली रचना बघणे, गेजेस कॅलिब्रेट करणे हे सामायिक लॅबमध्ये उत्तम होते, कारण त्यात एक दिवस इकडे-तिकडे चालतो. हा फरक ज्याने भट्टीसमोर उभे राहून बघितला आहे त्याला कळतो. योजनेच्या यादीत तो दिसत नाही.

आता एक अनुभव सांगते. एका रात्री आमच्या भट्टीचे लायनिंग (आतला उष्णतारोधक थर) फुटले. धातू बाहेरच्या वीज वाहणाऱ्या कॉइलपर्यंत जायच्या आत अलार्म वाजला, भट्टी रिकामी केली, कुणाला इजा झाली नाही. पण नवे लायनिंग कुटून, ते तापवून पक्के (सिंटरिंग) करून भट्टी पुन्हा चालू होईपर्यंत ओतकाम बंद. आणि गिऱ्हाइकाच्या लाइनला माल दोन दिवसांत हवा होता. पलीकडच्या गल्लीतल्या ज्या कारखान्याशी आमची त्याच मालासाठी दरवेळी चुरस असते, त्यांना मी फोन केला. त्यांचे मोल्डिंग बॉक्स (साचे भरायच्या चौकटी) आमच्या पॅटर्नला (साचा उठवायच्या नमुन्याला) बसतात हे मला ठाऊक होते. ते म्हणाले, "वहिनी, पॅटर्न आणि कोअर टेम्पोत घालून पाठवा. पैशाचं उद्या बघू." मी म्हटले, "नाही अण्णा, दर आत्ता ठरवू, मग टेम्पो सुटेल." बाजारात जॉबवर्कचा जो दर होता तोच ठरला. मग गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागाला फोन करून माल कुठे ओतला जाणार आहे ते सांगितले आणि त्या लॉटपुरती लेखी परवानगी घेतली. न सांगता दुसरीकडे ओतून आपल्या नावाने पाठवणारेही आहेत. मी तसे करत नाही. असला माल एकदा उघडा पडला की त्या गिऱ्हाइकाचा दरवाजा कायमचा बंद.

माल वेळेत गेला. पुढच्या वर्षी त्यांची कोअर शूटर (कोअर बनवायचे मशीन) बंद पडली तेव्हा त्यांचे कोअर आमच्याकडे निघाले, त्याच पद्धतीने, आधी दर ठरवून. मधल्या काळात त्यांनी आमची एक ऑर्डर दर पाडून नेली. मला राग आला, पण ती स्पर्धा होती. कोअर काढून देताना मी तो विषय काढला नाही. आमच्यातले सहकार्य टिकले ते या व्यवहारीपणामुळे. उपकार म्हणून केलेल्या मदतीचे ओझे होते, आणि ते ओझे कुठल्या तरी ऑर्डरच्या वेळी बाहेर येते. दाम मोजून घेतलेली मदत पुन्हा मागता येते.

हे फक्त आम्हा लहानांचे आहे असे नाही. पुण्याजवळ रांजणगावला टाटा आणि फियाट यांचा निम्म्या-निम्म्या भागीदारीचा कारखाना आहे. बाजारात हे दोघे स्पर्धक, आणि त्या एका कारखान्यातून टाटांच्या गाड्याही बाहेर पडतात आणि जीपही. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटा ग्लान्झा या नावाने विकते. मोबाइल कंपन्या दरावरून एकमेकींच्या उरावर बसलेल्या असताना भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २००७ मध्ये टॉवरसाठी इंडस टॉवर्स ही एकच कंपनी काढली. टॉवर कुणाचा आहे हे ग्राहक बघत नाही, मग प्रत्येकीने शेजारी-शेजारी टॉवर कशाला उभारायचे? आमच्या वाळूचे गणित याहून वेगळे नाही. मोठ्यांकडे फक्त करार लिहायला वकील असतात. आमच्याकडे तोंडी बोलणे असते, आणि बिनसते ते तिथेच.

पण याच सहकार्याच्या नावाखाली आमच्या वसाहतींमध्ये आणखी एक विषय अधूनमधून निघतो, त्याबद्दल लिहिले नाही तर हे पत्र अर्धवट राहील. तो म्हणजे दर बांधून घेणे. स्क्रॅपचा किंवा पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) भाव उतरला की गिऱ्हाईक लगेच आमचा दर उतरवते. भाव चढला की मात्र पुढच्या तिमाहीपर्यंत थांबायला सांगते. यात लहान कारखाना भरडला जातो, हे अगदी खरे आहे. मग कुणीतरी म्हणते, सगळे मिळून एका दराखाली जायचेच नाही असे ठरवू. त्या बैठकीतला संताप मी समजू शकते, पण ठरावाच्या मी विरोधात आहे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवणे बेकायदा आहे. सिमेंट कंपन्यांचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने अकरा कंपन्यांवर ६ हजार कोटींहून अधिक दंड लावला, आणि ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षे अपिलात राहिले. त्यांच्याकडे लढायला पैसा आहे. आमची फौंड्री पहिल्या नोटिशीलाच आडवी होईल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी असा ठराव टिकत नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे तो आठवड्यात दर सोडतो, आणि मग जो अविश्वास तयार होतो तो वाळूच्या प्लांटपर्यंत पोचतो. दराच्या बैठकीतून उठलेली माणसे पुढे बेंटोनाइटचा ट्रकही वाटून घेत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गिऱ्हाइकाच्या दबावाला उत्तर हवे असेल तर ते कायद्यातच आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. आयकर कायद्यातील एका तरतुदीमुळे, १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ही मुदत पाळून घ्यायला संघटनेने सगळ्यांच्या वतीने उघड पत्र लिहावे. एकटा कारखानदार ऑर्डर जाईल या भीतीने लिहीत नाही. तिथे एकत्र येणे कायदेशीर आहे, गरजेचेही आहे.

तसाच दुसरा विषय कामगारांचा. एकमेकांचे मोल्डर (साचे भरणारे कारागीर) ओढायचे नाहीत, असा अलिखित करार करण्याची सूचना मी एकाहून अधिक वेळा ऐकली आहे. मला ती पटत नाही. उन्हाळ्यात पेटलेल्या भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, मग तो करवीरचा असो की बिहारचा, चार पैसे जास्त मिळतात म्हणून पलीकडच्या शेडमध्ये जात असेल तर तो त्याचा हक्क आहे. त्याची मजुरी दाबून ठेवण्यासाठी आपण मालकांनी हातमिळवणी करावी, हे सहकार्य नव्हे. कुशल मोल्डर कमी आहेत ही अडचण खरी आहे, तर मग सगळ्यांनी मिळून आयटीआयच्या पोरांना शिकवावे. शिकवलेला पोरगा उद्या शेजाऱ्याकडे गेला तरी शेजाऱ्याने शिकवलेला माझ्याकडे येतोच.

आता सरकारबद्दल. केंद्राच्या आणि राज्याच्या क्लस्टर योजनांत सामायिक सुविधा केंद्राला मोठे अनुदान मिळते. त्यासाठी सभासदांनी मिळून कंपनी काढावी लागते, आणि एकाच कारखानदाराच्या हातात जास्त भाग जाऊ नयेत अशी अट असते. अट चांगली आहे. पण अनुदानाचा सगळा भर इमारत आणि यंत्रसामग्रीवर असतो. यंत्र आले, फीत कापली, फोटो छापून आला, आणि त्यानंतर ते यंत्र चालवणारा पगारी माणूस कुठून आणायचा याचा विचार सभासदांवर सोडलेला असतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे जॉब कमी येतात, वीज बिल मात्र पूर्ण येते. मग सभासदांपैकीच कुणीतरी "मी बघतो" म्हणून केंद्र हातात घेतो. तो प्रामाणिक असला तरी बाकीच्यांचा विश्वास बसत नाही, कारण तो स्पर्धक आहे. आपले ड्रॉइंग, आपला पार्ट, आपला गिऱ्हाईक त्याच्या डोळ्यांखालून जाणार. लोक माल पाठवायचे थांबतात. मग आपल्या लेखकाला ते केंद्र ओस पडलेले दिसते आणि ते लिहितात की लहान कारखानदारांना एकत्र येता येत नाही. एकत्र येता येते. सगळ्यांना सारखा परका असलेला माणूस मध्ये लागतो, आणि त्याच्या पगाराची सोय कुणीच केलेली नसते.

म्हणून माझी मागणी अशी की यंत्रांच्या अनुदानातला काही भाग कमी झाला तरी चालेल, पण पहिली तीन वर्षे बाहेरचा व्यवस्थापक आणि केमिस्ट यांचा पगार योजनेतून मिळावा. त्याला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार सभासदांच्या मतदानाला असावा, अध्यक्षाला नाही. आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर देऊ नये. यंत्र महिन्याला किती तास चालले आणि किती वेगवेगळ्या सभासदांनी ते वापरले, हे बघून द्यावा. दोनच मोठे सभासद वापरत असतील तर ते सामायिक केंद्र राहिलेले नाही, हे त्या आकड्यावरून कळेल.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी सार्वजनिक पैशातून क्लस्टरची केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांची लॉगबुके मागवून, कोणते यंत्र किती चालते आणि कोण वापरते, हे केंद्रवार छापावे. त्यात आमच्याकडची केंद्रे कमी भरली तर तेही छापावे. आमच्या फौंड्रीने सामायिक सुविधांवर भरलेल्या बिलांची फाइल मी दाखवायला तयार आहे.

आपली,
एक फौंड्री चालक
शिरोली, जि. कोल्हापूर